तिसऱ्या मजल्याची किल्ली

मी राज्यशास्त्र शिकवतो. पूर्वी कॉलेजात शिकवायचो, तासिका तत्त्वावर. तासिका कमी होत होत शून्यावर आल्या आणि तत्त्व तेवढं उरलं, तेव्हा मी एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर खोली भाड्यानं घेतली आणि स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी क्लास काढला. खोली दाखवताना मालकानं खिडकी उघडून दाखवली, पंखा लावून दाखवला, फळा कुठे टांगता येईल तेही दाखवलं. संडास कुठे आहे ते दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. राज्य म्हणजे काय, सत्ता कुठून येते, माणसानं दुसऱ्याची आज्ञा का पाळावी, असल्या प्रश्नांवर वीस वर्षं बोललेल्या माणसाला साधे प्रश्न वेळेवर सुचत नाहीत. मला तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला सुचला.

व्हरांड्याच्या टोकाला हिरवं दार होतं आणि त्याला मुठीएवढं कुलूप. मी कुलूप हलवून पाहिलं. माझ्या शेजारच्या गाळ्यातल्या शिंप्यानं शिलाई मशीन न थांबवता सांगितलं, "किल्ली काकूंकडे."

काकू म्हणजे बाईंडर. सहा नंबरच्या गाळ्यात पुस्तकं बांधायच्या. आत खळीचा आंबूस वास, भिंतीला टेकलेले पुठ्ठे, मधोमध एक लोखंडी दाबयंत्र आणि त्याच्या पलीकडे साठीच्या घरातल्या एक बाई, मांडीवर कागदांच्या घड्या घेऊन बसलेल्या. चष्मा नाडीनं गळ्यात बांधलेला आणि अंबाड्यात चक्क एक दाभण खोचलेली. दारालगत खिळा, खिळ्यावर किल्ली. किल्ली म्हणजे काय, साखळीनं बांधलेला वीतभर लाकडी ठोकळाच. कुणे एके काळी एक गृहस्थ किल्ली खिशात घालून घरी निघून गेले होते आणि त्या दिवशी अख्ख्या मजल्यानं जे भोगलं, त्यानंतर ही योजना झाली होती. ठोकळा कुठल्याही खिशात मावत नसे. तो हातात घेऊन निघालात की तुम्ही कुठे निघालात ते सगळ्यांना कळे.

"कोण तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"नवीन आहे. सात नंबर. राज्यशास्त्राचा क्लास."

"मग नियम लवकर कळतील. कडी हळू लावायची. नळ घट्ट बंद करायचा. निघताना पुढच्या माणसासाठी बादली भरून ठेवायची. बादली रिकामी सापडली तर तीन दिवस किल्ली मिळणार नाही."

"तीन दिवस? मग जायचं कुठे?"

"बसस्टँडवर. चालत बारा मिनिटं. घाई असली तर आठ."

मला घाई होती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. मी म्हणालो, "हा अधिकार तुम्हाला दिला कुणी?"

काकूंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्या हाताकडे पाहिलं. तो किल्लीसाठी पुढे केलेला होता, तळवा वर.

"हा काय, आत्ता तुम्हीच दिलात," त्या म्हणाल्या आणि ठोकळा माझ्या हातावर ठेवला.

शासितांची संमती या विषयावर मी निदान चाळीस जाडजूड पुस्तकं वाचली असतील. इतकं आटोपशीर उत्तर एकातही नव्हतं. पण त्या क्षणी वाद घालण्याच्या स्थितीत मी नव्हतो. मी पळालो. येताना बादली भरून ठेवली आणि ती अर्धी भरल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण आज्ञा पाळतोय.

काकूंकडे ही सत्ता आली कशी, ते मला शिंप्याकडून कळलं. इमारत नवी असताना रस्त्यावरचे लोक जिना चढून संडास वापरायला यायचे, म्हणून कुलूप लावलं. दारापासून सगळ्यात जवळचा गाळा काकूंच्या यजमानांचा, म्हणून किल्ली त्यांच्याकडे. यजमान गेले. काकू दहाव्या दिवसापर्यंत घरात बसल्या आणि अकराव्या दिवशी गाळा उघडला, कारण शाळेची वह्यांची ऑर्डर अर्धवट पडली होती. गाळ्याबरोबर दाबयंत्र आलं, दाबयंत्राबरोबर किल्ली आली. ना निवडणूक, ना नेमणूक. ज्याच्या हाती ससा तो पारधी. मी वर्गात वंशपरंपरागत राजेशाही शिकवताना हेच उदाहरण दिलं. मुलं खूश झाली आणि पुढच्या सुट्टीत तिघंजण राणीला बघायला जाऊन आले.

आता घड्याळजींबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी हकिगत त्यांच्यापाशी येऊन थांबते. पाच नंबरच्या गाळ्यात ते घड्याळं दुरुस्त करायचे. सत्तरी ओलांडलेली, अंगानं काडी, डोळ्याला भिंग. त्यांना लघवीचा त्रास होता आणि दर पाऊण तासाला उठावं लागे. डॉक्टर, मुलगा, सून, सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं होतं की आता घरी बसा. त्यांना घरी बसायचं नव्हतं. "घरी मला सगळे एकच विचारतात, जाऊन आलात का," ते एकदा म्हणाले. "इथे निदान घड्याळ कधी मिळेल, असं विचारतात." दर पाऊण तासाला ते उठायचे, काकूंच्या दारात यायचे, खिळ्यावरची किल्ली काढून न्यायचे आणि परत आणून अडकवायचे. विचारायचे नाहीत. काकूही मान वर करायच्या नाहीत. बाकी आम्ही नऊ गाळेवाले आणि माझी तीस मुलं, प्रत्येकानं दारात उभं राहून "काकू, किल्ली" म्हणायचंच.

घड्याळजींना गाळा टिकवायचा होता आणि तो त्या खिळ्यावर टिकून होता. हे मजल्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही होतं. माझं पुढचं वागणं वाचताना हे विसरू नका, म्हणजे माझ्याबद्दल फार चांगलं मत होणार नाही.

त्याच सुमारास मी एक पुस्तक लिहिलं, राजकीय सिद्धांताची पहिली ओळख करून देणारं. छापलं दुसरीकडे, पण बांधायला काकूंकडे दिलं. तीनशे प्रती. छापखान्यातून येतो तो भला मोठा कागद. एका कागदावर सोळा पानं, दोन्ही बाजू मिळून, आणि पानं क्रमानं नसतात. कागदाच्या घड्या घातल्या की मग क्रम लागतो. काकू घड्या घालताना वाचायच्या. गेली कित्येक वर्षं त्यांनी डॉक्टरांचे प्रबंध वाचले होते, पाककृती वाचल्या होत्या, कोर्टाचे निकाल वाचले होते, पण एकही गोष्ट क्रमानं वाचलेली नव्हती. एके दिवशी मला हाक मारून म्हणाल्या, "सर, तुमचं जरा चुकलंय. चौथ्या पानावर राजाला लोकांनी हाकलून दिलं, आणि त्याला लागून तेराव्या पानावर तो मस्तपैकी करवसुली करतोय."

"काकू, घडी घातली की मध्ये आठ पानं येतात."

"तेच म्हणते मी. हाकलल्यावर आठ पानांत परत आला."

मी हसण्यावारी नेलं.

मग बादलीचं प्रकरण झालं. एका सोमवारी बादली रिकामी सापडली आणि माझ्याआधी कुणी गेलं होतं नि माझ्यानंतर कुणी, याचा काकूंनी दोन मिनिटांत छडा लावला. बादली मीच भरली नव्हती. तास सुरू होत होता, मुलं खोळंबली होती, शिवाय आपण लेखक झालो आहोत अशी एक हवाही डोक्यात होती. मी म्हणालो, मी भरली होती. काकू म्हणाल्या, "तीन दिवस."

तीन दिवस मी बसस्टँडवर गेलो. रोज चार वेळा, जाऊन येऊन चोवीस मिनिटं. वाटेत मी जुलमी सत्तेविषयी जितका खोलवर विचार केला, तितका आयुष्यात कधी केला नव्हता. क्रांतीची खरी कारणं पुस्तकात छापत नाहीत. एका शिकलेल्या माणसाची बादली भरायची राहून गेली आणि त्याला ते कबूल करायची लाज वाटली, असं कुठे लिहिलेलं असतं का?

चौथ्या दिवशी मी शिंप्याच्या गाळ्यात सभा बोलावली. अकराही गाळ्यांची माणसं आली. काकू हातातलं काम घेऊनच आल्या आणि कोपऱ्यात स्टुलावर बसून घड्या शिवत राहिल्या. मी उभा राहून बोललो. किल्ली एकाच व्यक्तीकडे का? नियम केले कुणी? शिक्षा सुनावणारा आणि तक्रार करणारा एकच कसा? आणि, इथे मी आवाज जरा खाली आणला, काहींना न विचारता किल्ली मिळते आणि काहींना दारात उभं राहावं लागतं, हा भेद कशाच्या आधारावर? हे म्हणताना मी घड्याळजींकडे पाहिलं. पाहायला नको होतं. पण सभेत बोलताना माणसाला टाळ्यांचा वास आला की त्याचं भान सुटतं.

"काकू, तुमचं म्हणणं?" शिंप्यानं चाचरत विचारलं. त्याची सुई-दोऱ्याची उधारउसनवारी काकूंकडे चालायची.

"माझं काय म्हणणं असणार?" काकूंनी दोरा दातानं तोडला. "नवरा गेला, खिळा राहिला. खिळ्यावर किल्ली राहिली. न्यायला कुणी आलं नाही. आता आलात, न्या."

असं कुठे असतं का? मी दोन रात्री जागून भाषण तयार केलेलं, आणि गढीचा दरवाजा सताड उघडा. तरीही मी मतदान घेतलं. पाचामुखी परमेश्वर, म्हटलं. हात वर करा. शिंप्यानं वर केला आणि लगेच काकूंकडे बघून अर्धा खाली घेतला. रबरी शिक्के बनवणाऱ्यानं केला. एकेक करत नऊ हात वर झाले. सगळ्यांत शेवटी, सावकाश, घड्याळजींनी हात वर केला.

काकूंचे हात थांबले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

"काकूंनी मला कधी अडवलं नाही," घड्याळजी म्हणाले. "उलटा शब्दसुद्धा नाही कधी. पण मी रोज दहा वेळा त्यांच्या उपकारावर उठतो. माझा हक्क असेल तर तो भिंतीवर लिहिलेला बरा. मग मान खाली घालून जावं लागणार नाही."

मेहेरबानी आणि हक्क यांतला फरक सांगायला मला पुस्तकात साडेतीन पानं लागली होती. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. काकू मात्र उठल्या, खिळ्यावरची किल्ली काढून आणली, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "त्यांचं बरोबर आहे. मी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांना दिसत असणारच की."

अशी किल्ली माझ्याकडे आली. ठरल्याप्रमाणे लेखी नियम झाले. सगळे समान, प्रत्येक गाळ्याला दर दोन तासांनी दहा मिनिटं, पाळीचं वेळापत्रक हिरव्या दाराशेजारी लावलेलं. घड्याळजींनी स्वतःच्या गाळ्यातलं एक भिंतीवरचं घड्याळ आणून वेळापत्रकाच्या डोक्यावर टांगून दिलं आणि ते मिनिटाला मिनिट जुळवून दिलं. ज्याला पाऊण तास निघत नाही, त्यानं दोन तासांच्या समतेसाठी घड्याळ लावावं! हक्क मागून घेतलेला माणूस, लगेच दुसऱ्या दिवशी सवलत कशी मागणार? त्यांनी पाणी प्यायचं सोडलं. हे मला नंतर कळलं.

तसं एक कलम मी ठेवलं होतं, तातडीच्या प्रसंगाचं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत सात तातडीचे प्रसंग उद्भवले. त्यांतले तीन एकट्या शिंप्याचे, आणि तिन्ही वेळा तो आत बसून सिगारेट ओढत होता, कारण खिडकीतून धूर निघताना समोरच्या गच्चीवरच्या बाईनं पाहिला. संध्याकाळी मी ते कलम काढून टाकलं.

आणि काकू? पदच्युत राणीनं रुसून बसावं, निदान कट तरी करावा, अशी माझी अपेक्षा. त्या भलत्याच झाल्या. त्या नागरिक झाल्या. माझा तास ऐन रंगात आला की दारात उभ्या राहायच्या.

"सर, बादली रिकामी आहे. तक्रार कुणाकडे करायची?"

"माझ्याकडे, काकू."

"चौकशी कोण करणार?"

"मीच करीन."

"आणि नियम कुणी केलेत?"

"सगळ्यांनी. म्हणजे, लिहिले मी."

"मग चौसष्टाव्या पानावर तुम्ही म्हणता की नियम करणारा, राबवणारा आणि निवाडा करणारा, हे तिघं वेगवेगळे असावेत, ते कुठल्या मजल्यासाठी?"

मुलं बाकं बडवायची. मी चौकशी करायचो, बादली कुणी भरली नाही ते मला कधीच कळायचं नाही, आणि तीन दिवसांची बंदी लावायची माझी हिंमत नव्हती, कारण सगळ्यांचं मत मला हवं होतं. मग बादली कुणीच भरेना. काकू असताना जे एका खिळ्यावर चालत होतं, ते चालवायला मला आता दोन वह्या, एक शिट्टी आणि एक विद्यार्थी-समिती लागत होती. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण मोती माझा होता ना.

गुरुवारी ते घडलं.

मी सार्वभौमत्व शिकवत होतो. दार उघडं होतं, किल्ली टेबलावर. घड्याळजी दारात आले. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवलेलं, एक हात चौकटीवर.

"सर, जरा किल्ली."

मी बाहेरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तुमच्या पाळीला अजून नऊ मिनिटं आहेत, घड्याळजी. आत्ताची पाळी शिक्केवाल्याची."

"तो आज आलाच नाहीये."

संडास मोकळा होता. किल्ली माझ्या हाताखाली होती. पण तीस मुलं माझ्याकडे बघत होती आणि मी नुकतंच म्हणालो होतो की कायदा माणूस बघून वाकला की तो कायदा राहत नाही. मी म्हणालो, "तो आला नाही तरी पाळी त्याचीच. तुम्हाला सूट दिली तर उद्या शिंप्याला काय सांगू?"

"बरोबर आहे," घड्याळजी म्हणाले.

आणि तिथेच उभे राहिले, घड्याळाकडे बघत. मी पुन्हा फळ्याकडे वळलो. पुढच्या बाकावरची मुलगी एकदम खाली बघायला लागली, म्हणून मी मागे वळलो. घड्याळजींच्या राखाडी पॅंटवर काळा डाग उतरत होता आणि ते अजून घड्याळाकडेच बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते त्यांना कळत नव्हतं.

तेवढ्यात आमच्या वर्गाचं दार धाडकन बंद झालं आणि बाहेरून कडी लागली. आम्ही एकतीस जण आत कोंडले गेलो. बाहेर काकूंचा आवाज ऐकू आला, मग पाणी, मग खराटा, मग जिन्यावरून हळूहळू उतरणारी पावलं. पाव तासानं कडी निघाली. काकूंच्या साडीचा काठ ओला होता.

"झाली का पाळी शिक्केवाल्याची?" त्यांनी मला विचारलं.

मला माझी अतोनात लाज वाटली. आजही वाटते. मी त्या माणसाला नऊ मिनिटांसाठी अडवलं होतं, आणि तेही एका रिकाम्या खोलीपासून.

शुक्रवारी पाच नंबरचं शटर बंद. शनिवारी बंद. सोमवारी लोक आपापली घड्याळं घेऊन येत आणि शटरकडे बघून परत जात. मी त्यांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, बाबा आता दुकान सोडायचं म्हणताहेत, आम्ही कधीचं सांगतच होतो, गाळा घेणारं कुणी असेल तर बघा. मी किल्ली उचलली आणि काकूंच्या दारात गेलो.

"काकू, चुकलो मी. ही घ्या. तुमच्याकडे होती तेच बरं होतं."

काकूंनी ठोकळ्याला हात लावला नाही. "मला नको. माझ्याकडे आली की ते पुन्हा उपकारावर उठणार. तुमच्याकडे राहिली की परवानगीवर. दोन्हीत ते येणार नाहीत."

"मग कुणाकडे द्यायची?"

त्यांनी अंबाड्यातली दाभण काढून दाबयंत्रावर ठेवली, हात धुतले, पदर खोचला. मग किल्ली माझ्या हातातून घेतली, हिरव्या दाराला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि ठोकळा पिशवीत टाकला. "चला," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी ते घरी एकटेच असतात."

घड्याळजींचं घर म्हणजे दोन खोल्या. ते भिंतीशी खुर्चीत बसले होते. खुर्चीच्या बैठकीवर सुनेनं प्लॅस्टिक अंथरलं होतं आणि ते हलले की त्याचा आवाज होई, म्हणून ते हलत नव्हते. हात मांडीवर. मी त्यांचे हात कधी रिकामे पाहिले नव्हते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर काकूंनी कोपरानं ढोसलं. त्यांनी पिशवीतून ठोकळा काढला आणि घड्याळजींच्या मांडीवर ठेवला.

"ही तुम्ही सांभाळायची."

"मी?" घड्याळजी म्हणाले. "काकू, माझी अवस्था माहिती आहे ना सगळ्यांना? का थट्टा करता?"

"थट्टा करायला वेळ कुणाला आहे? सरांची दोनशे पुस्तकं शिवायची पडलीयेत."

"मग ही दया आहे."

"दया असती तर डबा घेऊन आले असते," काकू म्हणाल्या. "कुलूप मी लावून आलेय. दुसरी किल्ली नाही. उद्या सकाळी नऊला दहा गाळ्यांची माणसं आणि सरांची तीस पोरं येणार, कुणी एक चहा पिऊन, कुणी दोन. आलात तर दार उघडेल. नाही आलात तर नाही उघडणार. तुमची मर्जी."

आणि उठल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, "पण काकू, त्यांनाच का?"

"ज्याला सगळ्यात जास्त अडतं त्याच्याच हातात असू दे. अडणं म्हणजे काय ते त्याला सांगावं लागत नाही."

राज्य कुणी करावं, या प्रश्नावर माझ्या पुस्तकात एक पूर्ण प्रकरण आहे. शहाण्यांनी करावं, शूरांनी करावं, श्रीमंतांनी, बहुसंख्यांनी, सगळ्यांनी आळीपाळीनं. ज्याला सर्वांत जास्त गरज आहे त्यानं करावं, हा पर्याय मी दिलेला नव्हता. शिवाय ते प्रकरण कधीच छापून काकूंच्या हातात आलं होतं. आता त्यात काही घालता येणार नव्हतं.

"आणि ते आलेच नाहीत तर?"

"तर मी त्यांना ओळखलं नाही, असं म्हणायचं," काकू म्हणाल्या, आणि स्टॉपकडे चालू लागल्या. त्यांनाही खात्री नव्हती, हे मला त्यांच्या चालण्यावरून कळलं.

मंगळवारी सकाळी नऊला व्हरांड्यात रांग होती. सव्वानऊला ती दुमडून जिन्यापर्यंत गेली. शिंपी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होता. शिक्केवाला, जो गुरुवारी आला नव्हता, तो आज नेमका आला होता आणि कलिंगडाच्या रसाचा मोठा पेला रिचवून आला होता, हे तो सगळ्यांना सांगत होता. माझा एक धडधाकट विद्यार्थी म्हणाला, "सर, कुलूप काय, एका हिसक्यात निघेल. बळी तो कान पिळी."

"लाव बघू हात," काकू म्हणाल्या. त्या रांगेत माझ्या मागे उभ्या होत्या. विद्यार्थ्यानं हात खिशात घातला.

साडेनऊ झाले. पाच नंबरचं शटर बंदच होतं. काकू घड्याळाकडे बघत नव्हत्या, पण घड्याळाची टिकटिक तर ऐकू येत होतीच. शिंपी हळूच म्हणाला की बसस्टँडला जाऊन यावं का. पण तो गेला नाही. खरं सांगतो, तोवर आम्ही सगळे नुसते संडासासाठी उभे नव्हतो.

नऊ चाळीसला जिन्यावर पावलं वाजली. दोन पायऱ्या, मग थांबणं. दोन पायऱ्या, मग थांबणं. सगळी रांग भिंतीला चिकटली.

घड्याळजी वर आले. इस्त्रीचा शर्ट. ठोकळा आम्ही सगळे पाठीमागे लपवून न्यायचो. त्यांनी तो छातीशी, समोर, उघडा धरला होता. ते रांगेतून पुढे आले, एकेकाकडे बघत. माझ्याकडेही बघितलं. काकूंकडे बघितलं, तेव्हा काकू उगाचच पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. हिरव्या दाराशी येऊन त्यांनी कुलूप उघडलं. शिंप्यानं एक पाऊल पुढे टाकलं.

घड्याळजींनी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतः आत गेले आणि कडी लावली. हळू.

आम्ही चाळीस माणसं बाहेर उभे होतो. आतून नळाचा आवाज आला, मग बादली भरत असल्याचा, सावकाश, काठोकाठ. त्यांनी हवा तेवढा वेळ घेतला. दार कुणी वाजवलं नाही.